इंजिनघराचं दार

दिग्रस
२ डिसेंबर १९५७

नलू,

सप्रेम जय भीम. आधी बातमी ऐक आणि मग खुशाल गल्लीभर सांगत फीर. तुझा भाऊ इंजिन ड्रायव्हर झाला! तोच कापसाचा जिन, तेच इंजिन, ज्याच्या भट्टीत आपला बा जन्मभर कोळसा भरत राहिला. मुनीमजी म्हणाले, "बाबारावचा पोरगा हाय, हात साफ हाय त्याचा, बसू द्या." बा असता तर आज त्याने अख्ख्या जिनात गूळ वाटला असता.

तू विचारशील, कोळशावर चालतं म्हणजे आगगाडीसारखं का? नाही ग. इथे कोळसा भडकू द्यायचाच नाही. कोळसेवाला लखीराम जंगलातून गाड्या भरून धावड्याच्या लाकडाचा कोळसा आणतो. तो लोखंडी भट्टीत भरून झाकण घट्ट लावायचं. आत तो नुसता धुमसतो आणि त्यातून वायू निघतो. ना रंग, ना धूर, वासही जवळजवळ नाहीच. तो वायू पाण्यातून धुवून नळीने इंजिनात जातो आणि त्याच्यावर सरकी काढायची चोवीस यंत्रं, रेचे, फिरतात, सगळ्या तालुक्याच्या कापसातली सरकी निघते. जाळायला तेलाचा थेंब लागत नाही. रानातलं झाड असं इंजिन ओढतं!

आता जे सलतं तेही सांगतो. इंजिनघराच्या दाराला मोठा दगड लावलेला असतो. थंडी असो, वारा असो, दार सताड उघडं. तेल घालणारा म्हातारा नानाजी तुला आठवत असेल, बाचा जोडीदार. त्याला विचारलं, काहून? तर म्हणतो, "बाबारावसाठी. दुपारच्या सुट्टीत येते तो. दार लागलेलं दिसलं का कोपते." उंबऱ्यावर त्याच्यासाठी रोज एक विडीही ठेवतो. बायका दुपारी तिकडून जाताना पदर तोंडावर घेतात.

नलू, जो माणूस कधी कोणाला वाकडा शब्द बोलला नाही, त्याचं या लोकांनी अकरा वर्षं भूत करून ठेवलंय. माझं डोकंच फिरलं. नागपूरला आपण काय शपथ घेऊन आलो? मी दगड उचलून बाहेर टाकला आणि दार लावून घेतलं. तशीही थंडी मरणाची आहे, आणि रुईची धूळ उडून इंजिनावर बसते. आता मी असेपर्यंत हे दार लागलेलंच राहील.

तुझा भाऊ
उकंडा


फुलसावंगी
९ डिसेंबर १९५७

भाऊ,

जय भीम. सवयीने वर 'श्री' लिहिलं होतं, ते खोडलं आहे. हसू नकोस.

तुझी बातमी वाचून मी खरंच गल्लीभर सांगत फिरले, नववा महिना लागलेला असताना. पण पत्राचा शेवट वाचला आणि लगेच लिहायला बसले. दार उघडं ठेव ना रे! तुझं काय जातं?

सासूबाईंना वाचून दाखवायला नको होतं, पण दाखवलं. दीक्षेला त्याही आल्या होत्या, देवही नदीत त्यांनीच सोडले. तरी म्हणाल्या, "सोडलेले देव एकडाव गुमान राह्यतीन, पण मेलेला माणूस नाई राहत वं." त्या दिवसापासून मला संध्याकाळी अंगणातसुद्धा जाऊ देत नाहीत.

भूत नसतं हे मलाही ठाऊक आहे. पण बाला जिनातून घरी आणलं तेव्हा तू मामाकडे होतास आणि मी दारात उभी होते. नऊ वर्षांची. बाजेवर तो झोपल्यासारखा होता आणि चेहरा लाल, तजेलदार. जिवंतपणी त्याचा चेहरा कधी तसा नव्हता. आई त्याला हलवून हलवून उठवत होती, कारण मेलेला माणूस असा दिसतच नाही. तो चेहरा मला अजून दिसतो. त्या खोलीत काय आहे मला माहीत नाही, पण काहीतरी आहे.

आणि छाती कोणापुढे काढतोस? तुझ्या आधीची दोन गेली म्हणून आईने तुला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि उकंडा नाव दिलं. भीतीने ज्याचं नाव ठेवलं त्याने थोडं तरी भ्यावं.

नलू


दिग्रस
१८ डिसेंबर १९५७

नलू,

भ्यायचं काम तू करतेसच, मग मी कशाला करू?

फुलसावंगीच्या मोटारीवर बाबूसिंग कंडक्टर आहे, ओळखीचा. त्याच्या टपावर धावड्याच्या कोळशाचं एक पोतं चढवून दिलंय. बाळंतपणात बाजेखाली शेगडीत घाल, इंजिनाचा कोळसा आहे. भाचा जन्मतःच ड्रायव्हर होईल.

इकडे सगळं ठीक. खिडकीच्या फटींतून वारा यायचा, त्यात रुई ठोकून बसवली. आता खोली कशी उबदार झाली आहे! दुपारी बारा ते एक इंजिन बंद असतं, भट्टी मात्र धुमसती ठेवावी लागते, म्हणजे एकला लगेच चालू करता येतं. तेवढा वेळ मी तिथेच भाकर खाऊन आडवा होतो. बासुद्धा तिथेच पडायचा म्हणे. बाहेर नानाजी दगडावर बसून दाराकडे बघत राहतो, जसा काही मी वाघाच्या पिंजऱ्यात शिरलो आहे.

थोडं डोकं दुखतं. सर्दी असेल. एकदा भाकर उलटून पडली, ती शिळी होती.

एक विचारायचं होतं. सहज. बाचं डोकं दुखायचं का?

उकंडा


फुलसावंगी
२७ डिसेंबर १९५७

भाऊ,

सहज विचारलंस म्हणे. तू आयुष्यात काही सहज विचारलं आहेस का?

हो. दुखायचं. शेवटच्या हिवाळ्यात रोज. घरी आला की आई कपाळावर फडकं आवळून बांधायची. तो म्हणायचा, "आत कोनी घन घालून राह्यलं." जेवण टिकत नसे. पायात जोर नसे. रविवारी बरा असायचा, म्हणून आई चिडवायची की तुम्हाला कामाचाच रोग आहे. मग तो गेला. आईने त्या वर्षी मरीआईचा कोंबडा चुकवला होता, पैसे तुझ्या पुस्तकांना लागले म्हणून. कोंबडा चुकला म्हणून नवरा गेला, हे ती मरेपर्यंत धरून बसली. तुला कधी सांगितलं नाही, मला शपथ घातली होती. आज मोडली.

आता तुझंही डोकं दुखतं. तेही त्याच खोलीत.

सासूबाई म्हणतात जिनाच्या उंबऱ्यावर कोंबडा कापू या. मी नाही म्हटलं. पण खरं सांगू? नाही म्हणायला मला वेळ लागला. काल दिवसभर मी अंगणातल्या तांबड्या कोंबड्याकडे बघत होते. मला माझीच लाज वाटली आणि तरी मी बघत होते.

ती नोकरी सोड. ते जमत नसेल तर दार उघड. तुझ्या पाया पडते.

नलू


दिग्रस
६ जानेवारी १९५८

नलू,

तुला सगळं खरं लिहितो. दुसऱ्या कोणाला लिहू?

मला भीती वाटते. दुपारी आडवा झालो की कानात ठोके पडतात, भिंत जवळ येते. शुक्रवारी मी त्याला पाहिलं. भट्टीजवळ उभा होता, पाठमोरा, डोक्याला फडकं बांधलेलं. तुझं पत्र वाचलं होतं म्हणून तसं दिसलं असेल. मी हाक मारायला गेलो तर जीभ हलेना. उठायला गेलो तर गुडघे मोडले आणि पडलो. नानाजीने धडपड ऐकून दार लोटलं आणि मला अंगणात ओढलं. थोड्या वेळाने मी बरा झालो. बाहेर आलो की बरा होतो, हेच तर वाईट आहे. म्हणजे रोग अंगात नाही, मनात आहे. दीक्षा घेतली, देव सोडले, पण जुनी भीती आत तशीच दडून बसली आहे आणि त्या खोलीत गेलो की ती डोकं वर काढते.

आता सगळा जिन म्हणतो, बाबाराव कोपला, पोराला घेऊन जाणार. सरकीवरच्या बायका माझ्याकडे मयताकडे बघावं तशा बघतात.

मी घाबरून दार उघडलं तर काय होईल? लोक म्हणतील, बघा, बौद्ध झाला आणि शेवटी भुतापुढे वाकला. आणि आपला बा कायमचा भूत होऊन बसेल. मी असं होऊ देणार नाही. म्हणून सगळ्यांपुढे सांगून टाकलं आहे. येत्या सोमवारी, तेरा तारखेला, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, दुपारची सुट्टी झाली की मी दाराला आतून कडी घालणार. एकचा भोंगा होईपर्यंत उघडणार नाही. कोणी हाक मारायची नाही, कोणी दार वाजवायचं नाही. नानाजीकडून तसं वचन घेतलं आहे. एकला मी माझ्या पायांनी बाहेर आलो की हा विषय संपला.

आजवर इतका वेळ सलग दार बंद ठेवून बसलो नाही, नानाजी मधेच काही निमित्ताने लोटायचाच. एक तास तर काढायचा आहे. भीतीने माणूस मरत नाही ना, नलू?

उकंडा


(पोस्टकार्ड. वर पत्ता मोठ्या अक्षरात: मुनीमजी, कापसाचा जिन, दिग्रस. बाबूसिंग कंडक्टरच्या हस्ते. फार तातडीचे.)

फुलसावंगी
१३ जानेवारी, पहाटे

मुनीमजींनी हे कार्ड सगळ्यांपुढे मोठ्याने वाचावे. नानाजीला जरूर ऐकवावे.

मी बाबारावची मुलगी नलू. बा रात्री माझ्या स्वप्नात आला. म्हणाला, माझं दार काहून लावलं, मले उघडं पायजे, आत्ता उघडा, नाही तर मी कोणाला सोडणार नाही. नानाजी, तुला बाची आण आहे. उकंडाने घेतलेलं वचन मोडलं तरी चालेल. कडी घातली असेल तर दार फोडा. वाचून संपायची वाट बघू नका, आधी दार.


फुलसावंगी
१३ जानेवारी १९५८

भाऊ,

हे पाकीट टपालाने येईल, म्हणजे चार दिवसांनी. ते तुझ्या हाती पडलं तर तू आहेस. पडलं नाही तर मी कोणाला लिहिते आहे?

मोटार सकाळीच गेली. बाबूसिंगला दारात बोलावून कार्ड दिलं तेव्हा तो म्हणाला, "बाई, बाराच्या आत पोचवतो, गाडी पंचर नाई झाली तं." तेव्हापासून माझ्या डोळ्यांपुढे फक्त चाकं आहेत.

स्वप्न पडलं नाही. मी खोटं लिहिलं. का ते सांगते.

बुधवारी मला मुलगा झाला. तुझं पत्र शनिवारी आलं होतं, पण बाळंतिणीने अक्षर वाचू नये म्हणून सासूबाईंनी ते शिंक्यावर ठेवून दिलं. काल वारा सुटला होता. त्यांनी दार लावलं, फटींना गोधड्या लावल्या आणि बाजेखाली तुझ्या कोळशाची शेगडी ठेवली. बाहेर लाल करून न घेता, काळीच, वर थोडे निखारे टाकून. खोली छान उबदार झाली. मग माझ्या डोक्यात घण पडू लागले. भिंत जवळ आली. मळमळलं. बाळ रडायचं थांबलं आणि मला ते बरंच वाटलं, झोपलं म्हणून. उठावं वाटलं तर पाय माझे नव्हते. आणि भाऊ, मलाही दिसलं. कोपऱ्यात आई, पाठमोरी.

मी घाबरून ओरडले असेन, पण आवाज निघाला नाही. नशीब की इंदूबाई सुईण बाळाला तेल लावायला आली. तिने दार उघडलं मात्र आणि शिव्याच दिल्या. "कोयसा बाहेर लाल केल्याबिगर आत आनते का कोनी? मारता का पोरीले?" बाळाला घेऊन अंगणात धावली, मला फरफटत नेलं. बाळ मऊ पडलं होतं, गाल लाल. नलूच्या पोराचे गाल बघा कसे लाल, असं शेजारीण कौतुकाने म्हणाली आणि मी किंचाळले. कारण तो रंग मी पाहिला होता. अकरा वर्षांपूर्वी, बाजेवर.

बाळ वाऱ्यात रडलं. तेव्हा कुठे माझा जीव परत आला.

इंदूबाईला विचारलं, हे काय होतं? ती म्हणाली, कोळशाची हवा. दिसत नाही, वास नाही, बंद खोलीत भरते. अशा दोन बाळंतिणी तिच्या डोळ्यांदेखत गेल्या आहेत. बाहेर आणलं की माणूस बरा होतो, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. मग मी तुझं पत्र मागून घेतलं. वाचताना माझंच दुखणं तुझ्या अक्षरात लिहिलेलं दिसलं. तुला भीतीचा रोग नाही रे! तुझी भट्टी बंद खोलीत धुमसते आहे. बा कोंबड्याने गेला नाही, भुताने गेला नाही. आईने उगीच स्वतःला जाळलं.

हेच कार्डावर लिहायचं होतं. दोन कार्डं लिहून फाडली. कोळशाची हवा म्हटलं तर मुनीमजी हसतील, इंजिन वीस वर्षं चालू आहे म्हणतील, आणि एक वाजेल. नानाजी वचन मोडेल तर फक्त बासाठी मोडेल. म्हणून मी बाला भूत केलं. तुझी शपथ मोडली, माझी मोडली, सगळ्यांसमोर तुझं नाक कापलं. आमचे हे घरी असते तर त्यांनाच पाठवलं असतं, पण ते ढाणकीला सरकीच्या गाड्यांबरोबर गेले आहेत, आणि मला उंबरा ओलांडू देत नाहीत.

आता ऊन अंगणाच्या मध्यावर आलं आहे. बारा वाजले असतील. मी बाळाला घट्ट धरून बसले आहे. माझ्याने पुढे लिहवत नाही.

नलू


दिग्रस
१९ जानेवारी १९५८, रविवार

नलू,

पाकीट माझ्याच हाती पडलं.

बाबूसिंगने पायदानावरूनच पळत येऊन कार्ड दिलं तेव्हा साडेबारा झाले होते. मोटार पंचर झाली होतीच, पुसदच्या अलीकडे. मुनीमजींनी वाचायला सुरुवात केली आणि "माझं दार काहून लावलं" या ओळीपर्यंतच नानाजी थांबला. जो दगड मी दारातून काढून टाकला होता तोच त्याने डोक्यावर उचलला आणि दारावर, कडीच्या जागी, घातला. ओरडत होता, "बाबाराव, आलो गा! आलो!"

आत काय झालं ते तुलाच सांगतो. मी हरलो होतो, नलू. वीस मिनिटांतच मला दार उघडायचं होतं. अभिमान वगैरे काही उरलं नव्हतं. कडी दिसत होती, हातभर लांब. पण हात उचलला जात नव्हता. मी कडीकडे बघत पडलो होतो आणि मला एवढंच कळत होतं की मी मरतो आहे, आणि बाहेर सगळे माझं वचन पाळत शांत बसले आहेत. इतकी भीती माणसाला वाटू शकते हे मला माहीत नव्हतं.

शुद्धीवर आलो तेव्हा संताप आला. तुझाच. कार्ड जिनभर फिरलं होतं. पोरं सुद्धा म्हणू लागली, बाबाराव फुलसावंगीला जाऊन आला. वाटलं, हिने मला वाचवलं आणि बाला मारलं.

दुसऱ्या दिवशी, संक्रांतीला, नानाजी तिळगूळ घेऊन माझ्या खोलीवर आला. तिळगूळ माझ्या हातावर ठेवला. मग म्हणाला, "तुले एक सांगाचं हाय. कोनाले सांगतलं नाई आजवर. त्या दिवशी दार म्याच लावलं होतं. हिव लई होतं. तुहा बा दुपारचा निजला होता. म्हटलं निजू द्या, वारा लागते त्याले. त्यानं आतून हाक मारली असन, मले आयकू आली नाई. म्हनून कोपला तो. त्याले एकल्याले कोंडला म्या. तवापासून दार उघडं ठेवतो मी. अकरा वर्स झाले, इतक्यानं तं माफ करन ना तो?"

मी म्हटलं, करेल. तेव्हा मला कशाचाच अर्थ लागला नव्हता.

शुक्रवारी तुझं पाकीट आलं. वाचलं आणि मी नाचायचा बाकी राहिलो. भूत नाही! कारण आहे! शिडी लावून छपराजवळ चढलो. भट्टीचा वायू बाहेर सोडणारी नळी सांध्याशी गंजून कुजली होती, बोट आत जाईल एवढं भोक. बाच्या वेळचीच नळी. पाकीट हातात घेऊन मी धावलो, सगळ्यांना अंगणात गोळा करून वाचून दाखवणार होतो. भोंगा व्हायला थोडा वेळ होता. नानाजी दाराला दगड लावत होता. वाकून, दोन्ही हातांनी, हलतो का ते बघत. मग खिशातून विडी काढून उंबऱ्यावर ठेवली.

आणि माझे पाय तिथेच थांबले. मी हे वाचलं तर पहिलं वाक्य काय होईल? की दार लावलं म्हणून बाबाराव मेला. दार कोणी लावलं होतं?

भूत माफ करतं, नलू. त्याला विडी देता येते, दगड लावून त्याची मर्जी राखता येते. कोळशाची हवा कोणाला माफ करत नाही. म्हातारा अकरा वर्षं त्या भुताच्या आधाराने जगतो आहे, आणि त्याच्या त्या भित्र्या दगडामुळे आजवर दुसरा कोणी मेला नाही. मी तो काढला, तर मी मरता मरता वाचलो.

पाकीट खिशात घातलं. नळीबद्दल मुनीमजींना एकट्याला सांगितलं, उद्या लोहार येईल. भट्टीत कोळसा भरणाऱ्या दोघांना वेगवेगळं गाठून सगळं समजावलं आणि नानाजीपुढे बोलायचं नाही अशी ताकीद दिली. बाकीच्यांना वाटतं, उकंडा भ्याला. बायका तोंडावर म्हणतात. ऐकून घेतो. कठीण जातं, पण ऐकतो. बाने जन्मात कोणाला दुखवलं नाही, तर त्याच्या नावाने मी तरी का दुखवू? नानाजी आहे तोवर बाला भूत राहू दे.

हे पत्र आणि सोबत परत पाठवलेलं तुझं पाकीट तू चुलीत घाल. आईच्या कोंबड्याचं मात्र कधी तरी आपण दोघं बसून रडून घेऊ.

बाळाचं नाव धर्मपाल ठेवलंत हे बाबूसिंगने सांगितलं. चांगलं आहे. माझ्यासारखं भीतीने ठेवलेलं नाही.

काल दुपारी भाकर खायला बाहेर नानाजीशेजारी बसलो. त्याने विचारलं, "आला असन का रे आत?" मी दाराकडे बघितलं. उघडं होतं, वारा आरपार जात होता. मी म्हटलं, "आला असेल, नानाजी. झोपू दे त्याला."

उकंडा